रंग भरती-ओहोटीचे

मालवणच्या किंवा गोव्याच्या बाजारात कोळणीच्या पाटीत कालुंदर दिसतो तो काळपट, मळकट करड्या रंगाचा. गिऱ्हाईक कल्ले उचलून बघते, डोळे बघते, बोटाने दाबून ताजेपणा पारखते. रंगाकडे कुणी बघत नाही, कारण बघण्यासारखा रंग तोवर उरलेलाच नसतो.

हाच मासा जिवंत असताना, स्वच्छ पाण्यात, सकाळच्या तिरप्या उन्हात पाहावा. हिरवट राखाडी अंग, त्यावर उभे गडद पट्टे आणि पाठीकडच्या जवळजवळ प्रत्येक खवल्यावर मोत्याचा दाणा बसवल्यासारखा पांढुरका ठिपका. केरळात याला करिमीन म्हणतात आणि २०१० मध्ये त्या राज्याने त्याला राज्यमाशाचा मान दिला. १७९० मध्ये जर्मन अभ्यासक मार्कस ब्लॉख यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि एट्रोप्लस सुरॅटेन्सिस या नावात सुरत शहर कायमचे जाऊन बसले.

घरच्या काचेच्या टाकीत आल्यावर कालुंदर आणखी एक गोष्ट दाखवतो. रात्री दिवा मालवला की तो वेगळा दिसतो, सकाळी दिवा लावल्यावर वेगळा. पाणी बदलताना घाबरला की काळवंडतो. जागेसाठी दुसऱ्या माशाशी जुंपली की पट्टे उठून दिसतात. एकाच दिवसात चार रूपे पाहून नवीन पाळणारा गोंधळतो. मासा आजारी आहे की दुकानदाराने फसवले, असा प्रश्न त्याला पडतो. बहुतेक वेळा यातले काहीच झालेले नसते. खाडीच्या माशाचा रंग ही श्वासासारखी अखंड चाललेली क्रिया आहे. पाणी, उजेड, तळ, अन्न, वय, भीती आणि पिल्ले या सगळ्यांचा हिशेब त्याच्या त्वचेवर दर घटकेला नव्याने मांडला जातो. तो हिशेब वाचायला शिकले, तर माशाची निम्मी देखभाल तिथेच जमली.

खाडीतला उजेड

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, नदीच्या गोड्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. या दोन टोकांच्या मधले ते निमखारे पाणी. खाडीत हा आकडा एका जागी ठरत नाही. उधाणाच्या भरतीला समुद्र आतवर शिरतो, ओहोटीला नदी जोर धरते. पावसाळ्यात खाडीचा वरचा भाग जवळपास गोडा होतो आणि मे महिन्यात खारेपणा पुन्हा वर चढत जातो. इथे राहणारा मासा म्हणजे रोज घर बदलणारा जीव.

क्षारांइतकाच महत्त्वाचा असतो उजेड. शुद्ध पाणी सूर्यप्रकाशातला लाल भाग आधी शोषून घेते, म्हणून स्वच्छ समुद्रात खोल गेल्यावर निळाई उरते. खाडीचे गणित निराळे. तिवर, चिपी आणि कांदळाची पाने चिखलात कुजतात आणि पाण्याला कोऱ्या चहासारखा रंग येतो. हे विरघळलेले पदार्थ निळा आणि जांभळा उजेड गिळतात, तर गाळाचे कण उरलेला उजेड विखरून टाकतात. शेवटी माशाच्या वाट्याला येतो तो हिरवट-पिवळा, धूसर प्रकाश.

प्रवाळातल्या माशांसारखी निळी झगमग अशा पाण्यात दोन हातांवरही कुणाला दिसणार नाही. म्हणून निमखाऱ्या पाण्याच्या टाकीचा बाज वेगळा असतो. त्यात चंदेरी, काळा, पिवळा आणि शेवाळी हिरवा हे मुख्य रंग. मोनो नावाच्या माशाच्या चांदीसारख्या अंगावर पिवळे पर असतात. आर्चर माशाच्या पाठीवरून काळे पट्टे उतरतात. आग्नेय आशियातून येणारा बंबलबी गोबी जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा, पण भुंग्यासारखा काळा-पिवळा. गढूळ पाण्यात टिकून दिसतील असे हे रंग आहेत. टाकीत निळा दिवा लावून त्यांना प्रवाळातल्या माशांसारखे भासवायला गेलो, तर त्यांचे खरे सौंदर्य हातचे जाते.

चिमूटभर बुक्का

माशाचा रंग त्वचेतल्या खास पेशींमध्ये असतो. या रंगपेशींचे प्रकार वेगवेगळे. काळ्या-तपकिरी मेलॅनिनच्या पेशी म्हणजे मेलॅनोफोर, पिवळ्या रंगाच्या झँथोफोर, लालसर रंगाच्या एरिथ्रोफोर. चौथा प्रकार इरिडोफोरचा. या पेशींत रंगद्रव्य नसतेच. त्यांत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिशय पातळ स्फटिक रचलेले असतात आणि ते आरशासारखा उजेड परतवतात.

यात सर्वांत चपळ मेलॅनोफोर. ही पेशी चांदणीसारखी, चहूकडे फाटे फुटलेली असते. तिच्यात काळ्या रंगाचे सूक्ष्म कण असतात आणि पेशीच्या आत सूक्ष्म नळ्यांचे जाळे असते. त्या नळ्यांवरून प्रथिनांचे वाहक हे कण मध्याकडे ओढतात किंवा फाट्यांच्या टोकापर्यंत पसरवतात. पेशीचा आकार तोच राहतो, फक्त आतला माल हलतो. चिमूटभर बुक्का तळहाताच्या मधोमध ठेवला तर एक काळा टिपका दिसतो. तोच बुक्का चोळून पसरला तर अख्खा तळहात काळा होतो. बुक्का तेवढाच, हातही तोच. कालुंदर काळवंडतो किंवा उजळतो, तेव्हा त्याच्या त्वचेत अशी असंख्य तळहातांची हालचाल एकाच वेळी होत असते. मज्जातंतूंचा निरोप आला तर हे काही सेकंदांत किंवा मिनिटांत घडते, संप्रेरकांमार्फत घडायला अधिक वेळ लागतो. आणि मासा आठवडेच्या आठवडे गडद जागेत राहिला, तर त्या पेशींची संख्याच वाढते. त्या बदलाला परत फिरायलाही आठवडे लागतात.

पाटीतल्या कालुंदराचे मोती का विझतात, हेही यावरून समजते. मासा मेला की मज्जातंतूंचा आणि संप्रेरकांचा अंमल संपतो. रंगकणांना आवरणारे कुणी राहत नाही आणि चढत्या-उतरत्या छटांची सगळी नक्षी एका करड्या रंगात बुडते.

निळ्या रंगाची गोष्ट तर फारच विलक्षण. निळे रंगद्रव्य माशांमध्ये अत्यंत दुर्मीळ आहे. मँडरिन माशाच्या कुळात निळ्या रंगद्रव्याच्या खऱ्या पेशी असल्याचे जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवले. बाकी बहुतेक माशांचा निळा रंग इरिडोफोरमधल्या स्फटिकांच्या थरांतून उजेड परतताना तयार होतो. ओहोटीच्या चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्यांच्या एका जातीच्या अंगावर निळे ठिपके चमकतात. तो मासा चिखलातून पाण्याबाहेर येऊन सरपटतो, म्हणजे त्याच्या ठिपक्यांना खाडीच्या पाण्याचा पडदा आडवा येत नाही. निळा रंग मिरवायला खाडीत हीच एक जागा मोकळी होती, आणि ती निवट्याने घेतली.

चांदीचा आरसा

२०२३ मध्ये महाराष्ट्राने राज्यमासा म्हणून निवडलेले पापलेट साफ करताना बोटांना जी चांदी लागते, ती याच ग्वानिनची. सतराव्या शतकात फ्रान्समधले कारागीर गोड्या पाण्यातल्या एका लहान माशाच्या खवल्यांतून ही चांदी काढून काचेच्या पोकळ मण्यांना आतून लावत आणि नकली मोती बनवत. कालुंदराच्या ठिपक्यांना मोत्याची उपमा देताना आपण त्या कारागिरांच्याच वाटेने जात असतो.

निमखाऱ्या टाकीतला चांदीचा खरा मानकरी मोनो, म्हणजे मोनोडॅक्टिलस. दोन्ही बाजूंनी चपटा, ताटलीसारखा. इतका चकचकीत मासा शिकाऱ्याला लांबून दिसत नाही, याचे कोडे ब्रिटिश शास्त्रज्ञ एरिक डेंटन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडले. त्यांनी चंदेरी समुद्री माशांच्या त्वचेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसले की अंगाचा उतार कसाही असला तरी आतले स्फटिक मात्र उभे, काटकोनात लावल्यासारखे असतात. म्हणजे गोलसर अंगाचा मासाही सरळ उभ्या आरशासारखा वागतो. खुल्या पाण्यात वरून येणारा उजेड चारही दिशांना सारखाच पसरलेला असतो. त्यामुळे उभ्या आरशात जे प्रतिबिंब दिसते, ते आरशामागे जे दिसले असते तसेच असते. मासा जागेवरच असतो, पण पाहणाऱ्याला पाणीच दिसते.

घरच्या टाकीत हा आरसा फसतो, कारण तिथे उजेड एका कोपऱ्यातल्या दिव्यातून येतो. म्हणून मोनो वळला की लखकन चमकतो आणि आपल्याला आनंद होतो. खाडीत तीच चमक त्याच्या जिवावर बेतली असती.

वयानुसार उतरणारे रंग

मोनोच्या पिल्लाच्या डोक्यावर दोन काळे उभे पट्टे असतात, त्यातला एक डोळ्यावरून जातो. मासा वाढत जातो तसे ते पुसट होतात आणि पूर्ण वाढलेला मोनो जवळपास निव्वळ चांदीचा दिसतो. पुष्कळ लोक याला टाकीतल्या पाण्याचा दोष समजतात. हा वयाचा नियम आहे. कांदळाच्या आधारमुळांच्या जाळीत लपणाऱ्या पिल्लाला पट्टे हवेत. डोळ्यावरून जाणारी काळी रेघ तर डोळाच झाकून टाकते, आणि डोळा सापडला नाही की मासा ओळखणे अवघड होते. मोठा होऊन थव्याने खुल्या पाण्यात फिरू लागला की त्याला आरसा हवा.

स्कॅट माशाची गोष्ट अशीच. लिनियस यांनी १७६६ मध्ये त्याला आर्गस हे नाव दिले, ग्रीक पुराणातल्या शंभर डोळ्यांच्या राक्षसावरून. लहान स्कॅट नाण्यासारखा गोल असतो, अंगावर ठळक काळे ठिपके, आणि काहींच्या कपाळावर तांबूस पट्टे. असे पिल्लू दुकानात लाल स्कॅट म्हणून जास्त किमतीला विकले जाते. मासा वितभर झाला की ती लाली ओसरते आणि ठिपके अंगाच्या मानाने बारीक दिसू लागतात. विकत घेताना हे माहीत असेल तर पुढे मन खट्टू होत नाही, उलट एक जीव आपल्यासमोर मोठा झाला याचे समाधान वाटते.

आर्चरचे पट्टे मात्र मोठेपणीही टिकतात. तोंडातून पाण्याची चिळकांडी मारून फांदीवरचा किडा पाडणारा हा मासा पृष्ठभागाच्या अगदी खाली, मुळांच्या आणि पानांच्या सावलीत थांबतो. तिथे ऊन आणि सावली उभ्या पट्ट्यांनीच पाण्यात उतरते. त्याच्या डोळ्याच्या पडद्याचे निरनिराळे भाग वेगवेगळ्या उजेडाला जुळलेले असल्याचे संशोधकांना आढळले आहे. हवेतला किडा पाहणारा भाग वेगळा, चहाच्या रंगाच्या पाण्यात बघणारा भाग वेगळा. खाडीच्या उजेडाने याची त्वचा घडवली, तसेच डोळेही घडवले.

आईबापांचा काळा पर

रंगाचा सर्वांत हृद्य उपयोग कालुंदराच्या धाकट्या भावंडात दिसतो. भारतात निसर्गतः सापडणारे सिक्लिड कुळातले मासे तीनच. पहिला कालुंदर, दुसरा कर्नाटकातल्या नद्यांत राहणारा एट्रोप्लस कॅनारेन्सिस आणि तिसरा दक्षिण भारत व श्रीलंकेतला ऑरेंज क्रोमाइड. त्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक मादागास्करमध्ये आहेत.

ऑरेंज क्रोमाइड आठ-दहा सेंटीमीटरचा, हळदीच्या रंगाचा मासा. जोडी जमली आणि अंडी घालायची वेळ आली की त्याच्या पोटाखालचा भाग आणि पोटाचे पर काळे होतात. अंड्यांची आणि पिल्लांची राखण आई आणि बाप दोघेही करतात. पिल्ले पोहू लागली की आईबाप हे काळे पर फडफडवतात आणि विखुरलेली पिल्ले त्या खुणेकडे धाव घेतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस या माशांच्या वागण्याचा बारकाईने अभ्यास झाला. त्यात दिसले की काळ्या पराची ही फडफड पिल्लांशी बोलण्याचे साधन आहे. गढूळ पाण्यात हळदी अंगावर काळा पर हलला की तो दुरूनही दिसतो. पिल्ले जवळ येतात, आईबापांच्या अंगाला चाटून जातात आणि त्यांच्या त्वचेवरचा चिकट स्राव खातात. तीच त्यांची सुरुवातीची शिदोरी.

१९७२ मध्ये रिचर्ड वायमन आणि जॅक वॉर्ड यांनी याच घराण्यातली आणखी एक गोष्ट नोंदवली. ऑरेंज क्रोमाइडची लहान पिल्ले मोठ्या कालुंदराच्या अंगावरची घाण टिपून त्याला स्वच्छ करतात, आणि कालुंदर पर पसरून त्यांना ते करू देतो. मोठा मासा लहानाला गिळायचा सोडून त्याच्यापुढे अंग मोकळे करून उभा राहतो, हे दृश्य टाकीत ज्याने पाहिले त्याला ते विसरता येत नाही.

डोळ्यातून त्वचेकडे

माशाला काळे व्हायचे की फिके, हे त्याची त्वचा ठरवत नाही, त्याचे डोळे ठरवतात. वरून येणारा उजेड किती आणि तळाकडून परतणारा किती, या दोहोंचे प्रमाण डोळा मोजतो. पांढरी वाळू असेल तर खालूनही भरपूर उजेड येतो आणि मासा फिका पडतो. काळा तळ असेल तर तो गडद होतो. पुढे मधमाश्यांच्या भाषेवरील कामासाठी १९७३ चे नोबेल मिळवणारे कार्ल फॉन फ्रिश तरुणपणी माशांच्या याच रंगबदलावर काम करत होते. मेंदूतून त्वचेपर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूंच्या मार्गाने मासा फिका होतो, हे त्यांनी प्रयोगांतून दाखवले. म्हणूनच एखादा मासा कोणत्याही तळावर सतत काळाच राहत असेल, तर आधी त्याचे डोळे तपासावेत. दृष्टी गेलेल्या माशाची त्वचा अनेकदा गडद होते.

या बदलाचा जीव वाचवायला खरोखर उपयोग होतो का, याचा पडताळा अमेरिकी शास्त्रज्ञ फ्रान्सिस समनर यांनी १९३० च्या दशकात घेतला. त्यांनी डासांच्या अळ्या खाणारा, आपल्याकडेही विहिरींत सोडला जाणारा गांबुसिया मासा निवडला. काही मासे काळ्या टाकीत ठेवल्याने गडद झाले, काही फिक्या टाकीत ठेवल्याने उजळले. मग दोन्ही प्रकारचे मासे एकत्र सोडले आणि पेंग्विनसारख्या पक्ष्यांना शिकार करू दिली. फिक्या टाकीत गडद मासे अधिक गेले, गडद टाकीत फिके अधिक गेले. तळाशी रंग जुळवणे हा मरणाशी चाललेला रोजचा व्यवहार आहे, हे आकड्यांनिशी सिद्ध झाले.

हे कळल्यावर टाकीतली पांढरीशुभ्र किंवा गुलाबी खडी डोळ्यांना खुपू लागते. अशा तळावर मासा आयुष्यभर लपायचा प्रयत्न करत राहतो आणि त्याला ते कधीच साधत नाही. कालुंदराखाली गडद वाळू पसरावी, मागची काच झाकावी, लाकडाचा एखादा वाळलेला बुंधा ठेवावा आणि उजेड मंद ठेवावा. काही आठवड्यांत त्याचे पट्टे आणि मोती उमटू लागतात.

पोटातून येणारा रंग, मिठातून येणारे बळ

काळा रंग मासा स्वतः बनवतो. पिवळा आणि तांबूस मात्र त्याला बाहेरून आणावा लागतो. कॅरोटिनॉइड नावाची ही द्रव्ये शेवाळ आणि वनस्पती तयार करतात. कोळंबीसारखे जीव ते खातात आणि मासा कोळंबी खातो. ऑरेंज क्रोमाइडची हळद फिकी पडली, तर महागड्या औषधापेक्षा कोळंबीचे बारीक तुकडे, शेवाळ आणि उकडलेल्या पालकाचे पान अधिक उपयोगी पडते. स्कॅट आणि कालुंदर तर हिरवे खाण्यात पटाईत.

मीठ स्वतः कुणाला रंगवत नाही, तरी रंगाशी त्याचे नाते जवळचे आहे. शरीरातले क्षार राखण्यासाठी माशाचे शरीर जी संप्रेरके वापरते, त्यांतले एक प्रोलॅक्टिन. कॅलिफोर्नियाच्या खाड्यांतल्या एका गोबी माशात हेच प्रोलॅक्टिन पिवळे रंगकण पसरवते असे आढळले आहे. म्हणजे एकच निरोप्या मिठाचेही काम पाहतो आणि रंगाचेही. पाळणाऱ्याला हे सर्वांत जास्त दिसते ते हिरव्या ठिपकेदार पफरमध्ये. २००४ मध्ये या माशाच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले, इतका तो शास्त्रात महत्त्वाचा. दुकानात त्याचे पिल्लू गोड्या पाण्यात विकले जाते आणि काही दिवस ठीक दिसते. मग पांढरे पोट राखाडी पडू लागते, पाठीचा हिरवा रंग मळतो. ते पोट म्हणजे त्याची तक्रार आहे. त्याला निमखारे पाणी हवे असते आणि वय वाढेल तसे अधिक खारे.

हे पाणी स्वयंपाकाच्या मिठाने बनत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पाण्याची आम्लता सांभाळणारे क्षारही असतात. म्हणून सागरी टाक्यांसाठी मिळणारे मीठ बादलीत आधी पूर्ण विरघळवावे आणि हायड्रोमीटरने खारेपणा मोजूनच टाकीत घालावे. बदल हळूहळू, अनेक दिवसांत करावा. खाडीचा मासा चढउतार सोसतो हे खरे, पण टाकीत त्याला पळून जायला खाडी नसते.

टोचलेले रंग

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगताना मन दुखते. उत्तर भारतातल्या नद्यांत आणि निमखाऱ्या पाण्यातही आढळणारा एक इवलासा मासा आहे, पॅराम्बॅसिस रंगा. गंगेच्या माशांवरील १८२२ च्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी त्याची नोंद केली. अंगात रंगद्रव्य इतके थोडे की त्याचा कणा, काटे, पोटातली हवेची पिशवी सगळे आरपार दिसते. आतड्याभोवती तेवढी एक चंदेरी पिशवी असते. निसर्गाने न रंगवून सुंदर केलेला असा मासा क्वचितच असेल.

याच माशाच्या पारदर्शक अंगात जाड सुईने गुलाबी, हिरवे, पोपटी चकाकणारे रंग टोचतात आणि रंगीत काचमासे म्हणून विकतात. अनेक जखमा सोसून यातले पुष्कळ मासे दगावतात. वाचलेल्यांमध्ये विषाणूमुळे होणाऱ्या लिम्फोसिस्टिसच्या गाठी अधिक दिसल्या. काही महिन्यांत तो रंग ओसरतो, तोवर पैसे दुकानदाराच्या खिशात गेलेले असतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या मासे पाळणाऱ्यांनी याविरुद्ध मोहीम उघडली आणि अनेक दुकानांनी असे मासे ठेवणे बंद केले. आपल्याकडेही हे थांबवणे ग्राहकाच्याच हाती आहे. असा मासा दिसला तर घेऊ नये, आणि का घेत नाही हे दुकानदाराला नीट सांगावे.

टोचलेला रंग माशाविषयी काहीच सांगत नाही. मासा घाबरला तरी तो गुलाबीच, उपाशी राहिला तरी गुलाबीच, मरायला टेकला तरी गुलाबीच. कालुंदर मात्र उजेड बदलला तर सांगतो, पाणी बिघडले तर सांगतो, भांडण झाले तर सांगतो. गडद वाळूवर, मंद उजेडात, मोजून केलेल्या निमखाऱ्या पाण्यात तो काही आठवडे राहिला आणि एका सकाळी त्याच्या खवल्यांवरचे मोती एकेक करून उजळलेले दिसले, की समजावे, सगळे जमले आहे.